नेम चुकला म्हणजे काय झाले?



दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधीच्या रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपल्यावर दर्यापूरकडे शेती असलेले एक काका आपल्या पुतण्याला घेऊन आमच्या खोलीत आले. मुलगा अकरावीत, अमरावतीला शिकतो, सुट्टीत काकांच्या गावी जातो. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर तीन एअर रायफलींची नावे आणि किमती लिहून आणल्या होत्या. "फादर, तुम्ही शिकलेली माणसं. पोराले यातली कोणती घेऊन देऊ ते सांगा. वावरात तितर हाय, लावे हाय, धुऱ्यावर ससे हाय. एखाद-दोन मारीन, घरी भाजी होईन. त्या मोबाइलमधून तरी डोकं बाहेर काढीन."

धर्मगुरूला बंदुकीचा सल्ला विचारावा याचे आम्हाला आधी हसू आले. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शिकार करायला आणि पक्षी धरायला सरळ मनाई केली होती. पुढे १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत ती मनाई जराशी सैल झाली. शिकारीच्या नादी लागू नये, आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, असे तिच्यात होते. गाजावाजाची म्हणजे घोडे, कुत्री, हाकारे असा सगळा लवाजमा घेऊन केलेली. सेमिनरीत आम्ही यावर विनोद करायचो की, म्हणजे गुपचूप केलेली चालते! १९८३ च्या संहितेत हा नियमच राहिला नाही. हे सगळे ऐकून घेऊन काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे बंदी तुम्हाले होती. आमाले कुठं होती?"

मुद्दा बिनतोड होता. पण आता ती सर्वांनाच आहे, आणि हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही असे दिसते, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात 'छोटी शिकार' असा एक वेगळा वर्ग होता आणि तिचा परवाना मिळत असे. तितर, लावा, ससा हे सारे त्या वर्गातले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही पद्धतच बंद झाली. आज तितर, लावा, होला, ससा यांतला एकही त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर नाही. आणि शिकार या शब्दाचा कायद्यातला अर्थ फार रुंद आहे. मारणे, जखमी करणे, फासात धरणे, पक्ष्याचे घरटे वा अंडी फोडणे, एवढेच काय, यांतले काही करायचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड. वाघ-बिबट्यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना याहून कडक कलमे आहेत.

मग बाजारात एअर रायफल विकतात कशी? कारण बंदूक बाळगण्याचा कायदा वेगळा आणि तिने काय करावे याचा कायदा वेगळा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि वीस ज्यूलपर्यंत जोराची हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. काकांच्या कागदावरची तिसरी साडेपाच मिलिमीटरची होती, तिच्यासाठी परवाना काढावा लागला असता. आम्ही तिच्यावर रेघ मारली. काका म्हणाले, "बरं, दोन राहिल्या."

इथे विषय संपला असता. कायद्यात बसत नाही, नमस्कार, पुढच्या रविवारी भेटू. पण मुलगा आतापर्यंत गप्प होता, तो एकदम बोलला. "फादर, आज आमच्या घरी बॉयलर कोंबडी आहे. तुमच्या इथंही असेल. ती चालते, आणि आयुष्यभर मोकळा फिरलेला तितर मारला की पाप होतं?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस सोडले नाही. म्हणून हे पान त्यालाच देत आहोत.

मुलाचे म्हणणे हलके घेऊ नये. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवडे जगते. त्या सहा आठवड्यांत ती माती उकरत नाही, उडत नाही, आपल्या आईला ओळखत नाही. त्याच्या काकांच्या वावरातला तितर सकाळी धुऱ्यावर उभा राहून अर्ध्या मैलावर ऐकू जाईल असे ओरडतो, जोडीदारीण मिळवतो, पिले घेऊन हरभऱ्यात फिरतो. मरण दोघांनाही आहे. मरणाआधीचे जगणे मोजले तर तितर कितीतरी भाग्यवान. पवित्र शास्त्रही मुलाच्या बाजूने साक्ष देते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून वनस्पती दिली आहे खरी, पण जलप्रलयानंतर नवव्या अध्यायात मांस खायची मोकळीक मिळते. इसहाकाला आपल्या थोरल्या मुलाने, एसावाने, मारून आणलेली शिकार आवडायची. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ अन्नासाठी व वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य मानतो. प्राण्यांना गरजेशिवाय यातना देऊ नयेत किंवा मारू नये, हे मात्र तो त्याच्याच पुढच्या परिच्छेदात सांगतो, आणि गरज म्हणजे काय हे ठरवायचे काम आपल्यावर येते.

तेव्हा मुलाला आम्ही प्रामाणिकपणे सांगितले की, बॉयलरचा तुझा आरोप आम्हाला मान्य आहे. पण त्या आरोपाने आमची कोंबडी अडचणीत येते, तुझी बंदूक सुटत नाही. एक खिडकी फुटलेली आहे म्हणून दुसरी फोडायला हरकत नाही, असा हिशेब होत नाही. तो हसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे आम्हाला दिसले. आमचेही झाले नव्हते. कारण त्याच्या प्रश्नाच्या खाली दुसरा एक प्रश्न होता आणि तो आम्हाला आमच्या स्वतःच्या लहानपणामुळे ओळखीचा होता.

आम्ही सहावी-सातवीत होतो, म्हणजे १९९२ च्या आसपास. मूर्तिजापूरला एका मित्राच्या घरी जुनी छर्ऱ्याची बंदूक होती. कायदा बदलून वर्ष होत आले होते, हे आम्हाला कोण सांगणार? भर दुपारी घरची मोठी माणसे झोपली की आम्ही तिघे-चौघे ती घेऊन नाल्याच्या काठाने जायचो. एके दिवशी तारेवर एक होला बसला होता. आमची पाळी होती. घोडा ओढला, आवाज झाला, होला दचकून उडाला आणि बाभळींच्या पलीकडे दिसेनासा झाला. मित्र म्हणाला, "हुकला." आम्हीही म्हणालो, "हुकला." थोडेसे वाईट वाटले, थोडेसे बरेही वाटले, आणि आम्ही बोरे खायला लागलो. तीन दिवसांनी त्याच बाभळींखाली, काट्यांत, तो आम्हाला सापडला. पंख एका बाजूने पसरलेला, डोळ्यांना मुंग्या. छातीच्या पिसांत एक बारीक काळे भोक होते. त्याला तिथे पोहोचायला किती वेळ लागला आणि तिथे तो किती वेळ जिवंत होता, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. मित्रांना आम्ही दाखवला नाही. पहिल्या पापनिवेदनाला जाऊन तीन-चार वर्षे झाली होती, सगळी पापे पाठ होती, पण हे कोणत्या आज्ञेखाली सांगायचे ते सुचले नाही म्हणून सांगितलेच नाही.

हवेची बंदूक काम कशी करते ते पाहिले की या गोष्टीतला मुद्दा कळतो. नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाते. घोडा ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, वजनाला अर्धा ग्रॅम. सेकंदाला दोनशे मीटर वेगाने तो निघाला तर त्याच्यात दहा ज्यूल जोर असतो. बारा बोअरच्या काडतुसातून निघणाऱ्या सगळ्या छर्ऱ्यांचा मिळून जोर दोन हजार ज्यूलच्या पुढे जातो. काडतुसाची बंदूक तितर पाडते. हवेची बंदूकही पाडते, पण छर्रा डोक्यात किंवा छातीतल्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागला तरच. नाण्याच्या बाहेर लागला की पक्षी उडतो. ससा पळतो. शिवाय अंतर वाढत जाते तसा अर्ध्या ग्रॅमचा जोर झपाट्याने ओसरतो.

हवेची बंदूक म्हणजे खेळणे, असे मात्र कोणी समजू नये. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल युद्धासाठी स्वीकारली होती, आणि साध्यासुध्या छर्ऱ्याने डोळा गमावलेली मुले आजही दवाखान्यात येतात. ज्या देशांत हवेच्या बंदुकीने ससे मारायला परवानगी आहे तिथले चांगले शिकारी एक नियम पाळतात. ज्या अंतरावरून कागदावरचे पाच छर्रे एका छोट्या वर्तुळात पडत नाहीत, त्या अंतरावरून जिवंत प्राण्यावर घोडा ओढायचा नाही. म्हणजे 'कोणती रायफल घ्यावी' या प्रश्नाचे त्यांचे उत्तर रायफलीपासून सुरू होत नाही. आधी आपला हात किती स्थिर आहे ते मोजायचे, मग अंतर, आणि शेवटी दुकान. काकांच्या कागदावर हे उलटे लिहिले होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या कागदावर ते उलटेच असते, विषय बंदुकीचा असो की आणखी कशाचा.

उपदेशात आम्ही अनेकदा सांगितले आहे की, नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. हिब्रू शब्दाचेही तसेच. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे, तिथे 'न चुकणारे' यासाठी वापरलेले क्रियापद पापाच्याच घराण्यातले. लोकांना हे आवडते, माना डोलावतात. पण होल्याची आठवण झाली की आम्हालाच ते अपुरे वाटते. आमचा नेम पुरता चुकला असता तर होला जगला असता. पुरता लागला असता तर जागीच मेला असता. जे घडले ते या दोहोंच्या मधे घडले, आणि आम्ही त्याला 'हुकला' असे नाव देऊन मोकळे झालो. उडणारा पक्षी आपल्याला हे नाव फुकटात पुरवतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाबद्दल लिहिताना उदाहरणे घेतली आहेत ती नेमकी धनुर्धाऱ्यांची. एकाने रस्त्यावर कोणी नाही याची पुरेशी काळजी घेऊन बाण सोडला आणि नकळत वाटसरू मेला. दुसऱ्याने हरीण समजून बाण सोडला आणि मेला त्याचा शत्रू, ज्याला तो संधी मिळाली असती तर तसाही मारणारच होता. दोघांनाही माहीत नव्हते, पण दोघांचे माहीत नसणे एकसारखे नाही. आणि याच जागी संत थॉमस तिसऱ्या एका अज्ञानाचे नाव घेतात, जे माणूस आपण होऊन पत्करतो. आपल्या मजेत खोट येऊ नये म्हणून त्याला माहीत करून घ्यायचेच नसते. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेसाठी पाठ केले, गुणही बरे मिळाले. त्याचा बाभळींशी काही संबंध आहे हे खूप उशिरा लक्षात आले. पलीकडे जाऊन बघायला दोन मिनिटे लागली असती. आम्ही बोरे खाल्ली.

आम्हाला वाटते की एअर रायफलीतला खरा धोका इथे आहे. मुलगा क्रूर होईल अशी आम्हाला फारशी भीती नाही, तो मायाळू मुलगा आहे. भीती ही आहे की, केलेले न बघता पुढे जायची सवय त्याला इतक्या स्वस्तात लागेल की ती लागली हेही कळणार नाही. आवाज लहान, छर्रा लहान, प्राणी लहान. तीन लहान गोष्टी एकत्र आल्या की घडलेली गोष्टही लहान असणार असे मन ठरवून टाकते. आणि मघाचा बॉयलर कोंबडीचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. तिच्या बाबतीत तर आपल्याला पलीकडे जाऊन बघायची सोयच ठेवलेली नाही, आपण पाव किलो, अर्धा किलो तेवढे बघतो.

याच्या नेमकी उलट एक गोष्ट आपल्या मुंबईत घडलेली आहे. १९०८ साली खेतवाडीत राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. मुलगा जवळ गेला, ती उचलली आणि पाहिले, तर गळ्यावर पिवळा ठिपका. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ही खायला चालते का, असा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी, पण त्यांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले, आणि मिलार्डसाहेबांनी कपाटांतले खण उघडून त्याला भारतातले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असे नाव दिले, आणि ते वाचताना कोणाही ख्रिस्ती माणसाला मत्तयच्या दहाव्या अध्यायातली ती स्वस्त चिमणी आठवणारच, जिचे खाली पडणे पित्याला ठाऊक असते.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, एका चिमणीच्या मरणाने मुलाचे मन पालटले. तसे काही झाले नाही, आणि सालिम अलींनी तसा दावाही केला नाही. त्याच्या एक-दोन वर्षे आधीची त्यांची एक नोंद आहे. घरट्यापाशी खिळ्यावर बसणारा चिमणा त्यांनी मारला, मादीने दुसरा जोडीदार आणला, तोही मारला, असे सात दिवसांत आठ. वाचताना आजही कसेसे होते. पुढे मोठेपणीही अभ्यासाचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी पक्षी मारलेच. त्यांना संत करायचे कारण नाही. पण एक गोष्ट त्यांनी लहानपणापासून चुकवली नाही. जे पाडले ते हातात घेऊन पाहिले, मोजले, लिहून ठेवले. आठ म्हणजे आठ. आपल्या हातून काय झाले याचा आकडा त्यांच्यापाशी होता. आमच्यापाशी नाही. त्या दुपारी आम्ही एकूण किती वेळा 'हुकला' म्हणालो, देव जाणे, आणि हे आम्ही बोलण्याच्या ओघात म्हणत नाही.

न पाहण्याचे दुसरेही नुकसान आहे. आपल्या मेळघाटात रानपिंगळा राहतो. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा नमुना कोणालाच मिळाला नाही, ते संपले असे जग धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, ते शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसले आणि मग मेळघाटातही सापडले. हे दिवसाउजेडी, पाने झडलेल्या झाडावर उघड्यावर बसते. बंदूकवाल्या मुलाला याहून सोपे लक्ष्य मिळणार नाही, आणि साध्या पिंगळ्यापासून ते वेगळे ओळखणे त्या मुलाला काय, आम्हालाही जमणार नाही.

काकांच्या बाजूचेही थोडे बोलले पाहिजे. शहरातल्या माणसाला प्राणिदया फुकट पडते. काका म्हणाले, "फादर, एक रात्र आमच्यासंगं जागलीले या. डुकरं आली का तासाभरात एकर साफ." ते खरे आहे. रोही आणि रानडुकरे यांनी वऱ्हाडातल्या कास्तकाराची झोप घेतली आहे, आणि भरपाईसाठी घालावे लागणारे खेटे वेगळेच. पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही व रानडुकरांसाठी वन खात्याची परवानगी घेण्याचा मार्ग २०१५ च्या शासन निर्णयाने ठेवला आहे. तो किती उपयोगी पडतो याबद्दल गावोगावी वेगळे ऐकू येते. पण छर्ऱ्याच्या बंदुकीने यातले काहीच साधत नाही हे काकाही कबूल करतात. डुकराच्या कातड्याखाली छर्रा रुततो, जखम चिघळते, डुक्कर दुसऱ्या रात्री पुन्हा येते. आणि तितर तर किडे आणि वाळवी खाणारा पक्षी. हरभऱ्याचा राग त्याच्यावर काढायचा म्हणजे सावकाराचा राग पोस्टमनवर.

फासेपारधी मंडळींची आठवण इथे न करणे अन्यायाचे होईल. अमरावती, अकोला, वाशीम या जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या तितर-लावे धरणारे तेच. बारीक दोरीचे फास ओळीने लावायचे, पाळलेल्या तितराला आवाज द्यायला बसवायचे आणि वाट पाहायची. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. १९९१ नंतर फासही शिकारीच्या बंदीत आलाच, आणि ते योग्यही असेल, पण त्या बंदीबरोबर पोट भरायचे दुसरे साधन कोणी त्यांच्या हातात ठेवले नाही. आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली आहे. ते स्वतः फासेपारधी समाजातले. शाळेचे नावच 'प्रश्नचिन्ह'. आमचा प्रश्न साधा आहे. पारध्याच्या झोळीत तितर सापडला तर तो चोर, आणि आपल्या पुतण्याच्या हातून पडला तर तो सुट्टीतला छंद? फास लावणाऱ्याला निदान परत यावे लागते, पक्षी जिवंत हातात घ्यावा लागतो, त्याच्या छातीची धडधड बोटांना कळते. त्याला 'हुकला' म्हणून निघून जाता येत नाही. हे फासाचे समर्थन म्हणून लिहीत नाही. त्यात अडकलेल्या पक्ष्यालाही यातना होतातच. पण दोघांत तुलना केलीच तर आपण वरचढ ठरू असे आम्हाला वाटत नाही.

आपण एकटेच या पेचात नाही, म्हणून थोडे लांबचे. अरुणाचल प्रदेशात शिकार हा अनेक जमातींच्या जगण्याचा भाग, आणि घरोघरी एअरगन. मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावी तेव्हाचे वनमंत्री मामा नातुंग यांच्या पुढाकाराने लोकांनी आपण होऊन बंदुका जमा करायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी ४६ जमा झाल्या, पुढे आकडा दोन हजारांवर गेला. रान गप्प झाले आहे, पाखरांचा आवाज येत नाही, हे लोकांच्या लक्षात आले होते. दोन हजार घरांतून कोणीतरी बाभळींपलीकडे जाऊन बघितले असे आम्ही समजतो.

आता आमच्या खोलीत काय ठरले ते सांगून थांबतो. 'बंदूक घेऊच नका' असे आम्ही म्हणालो नाही, जरी तसे म्हणावे असे एकदा मनात आले. याच साडेचार मिलिमीटरच्या खेळात अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतले आणि आपल्या महाराष्ट्राचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. दहा मीटरवर कागदाचे कार्ड, आणि त्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मुलाचे डोळे तेवढ्यात चमकले. आम्ही दोन अटी घातल्या. कार्ड मातीच्या भिंतीसमोरच लावायचे, मोठे माणूस जवळ असल्याशिवाय बंदूक उघडायची नाही. आणि प्रत्येक कार्ड, चांगले असो वा वाईट, तारीख घालून ठेवायचे. काकांनी उरलेल्या दोन नावांपैकी स्वस्तातल्याखाली रेघ ओढली. जाताना म्हणाले, "म्हणजे भाजी नाहीच." ते थोडे नाराज होते, आणि आम्हाला वाटते अजूनही आहेत.

सुट्टी संपल्यावर मुलगा पहिले कार्ड घेऊन आला. दहा छर्रे मारले म्हणाला. आम्ही चष्मा लावून भोके मोजली, सात भरली. बाकीचे तीन कुठे गेले विचारले, तर म्हणाला, "हुकले, फादर." भिंतीत बघितले का विचारले. बघितले होते, तिथेही नव्हते. भिंतीच्या मागे काय आहे विचारले, तेव्हा जरा थांबून म्हणाला की निंबाचे झाड आहे, त्याच्यावर संध्याकाळी पाखरे बसतात. नाताळच्या सुट्टीत जाऊन बघून येतो म्हणाला.